पिल्लांच्या हगवणीतला व्हायरस सिक्वेन्स करून घेतला, त्या लॅबचा रिव्ह्यू (वराहपालनवाल्यांनी जरूर वाचा)

दौंड साइडला आमचं वराहपालन आहे, सध्या ४२ माद्या, बहुतेक लार्ज व्हाइट यॉर्कशायर आणि लँडरेसचा क्रॉस, नर ड्युरॉक. मी आणि धाकटा भाऊ दोघं बघतो. हा रिव्ह्यू एका खाजगी लॅबच्या सर्व्हिसचा आहे, जिथं आम्ही पिल्लांच्या जुलाबाचे सॅम्पल पाठवून आधी पीसीआर (व्हायरस आहे का ते शोधणारी टेस्ट) आणि मग व्हायरसचं जेनेटिक टायपिंग, म्हणजे सिक्वेन्सिंग करून त्याच्या जीनची अक्षरं वाचून घेतली. लॅबचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण चांगलंही सांगणार आहे आणि तक्रारपण आहे. आणि खरं सांगायचं तर नावापेक्षा ही सर्व्हिस घेताना काय मागायचं, काय विचारायचं हे जास्त महत्त्वाचं, ते आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यात आमची पिल्लं गेली.

आधी झालं काय ते सांगतो. डिसेंबरमध्ये तीन माद्या व्यायल्या, तिन्ही पहिल्या वेताच्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पिल्लांना पिवळी पातळ हगवण, शेपटीखाली सगळं चिकट, दूध प्यायची पण पोट आत जायचं, दोन दिवसांत कातडी सुटल्यासारखी दिसायची. सगळ्यांनी सांगितलं ई. कोलाय बॅक्टेरिया आहे, अँटिबायोटिकचं इंजेक्शन द्या. दिलं. एक बदलून दुसरं दिलं. काही फरक नाही. अँटिबायोटिक व्हायरसवर चालत नाही हे माहिती असूनही त्या वेळी माणूस देतोच, कारण हातावर हात ठेवून बघवत नाही. गावात तर लगेच आफ्रिकन स्वाइन फिव्हर आलाय अशी चर्चा सुरू झाली. तो २०२० ला आसाम-अरुणाचलमधून भारतात आल्यापासून डुक्कर मेलं की पहिलं तेच नाव निघतं. पण त्यात मोठी जनावरं जातात, ताप, अंगावर लाल-निळे चट्टे. आमच्या माद्या ठणठणीत, खात होत्या, फक्त पिल्लं. तरीही कोणाला तसा संशय आला तर खाजगी लॅबच्या मागे लागू नका, सरळ सरकारी डॉक्टरांना कळवा, तो कळवावाच लागणारा रोग आहे आणि त्याची पक्की तपासणी भोपाळच्या सरकारी लॅबमध्ये होते.

तर आम्ही पहिलं सॅम्पल पाठवलं, आणि ते आम्ही फार चुकीचं घेतलं. फरशीवरून खरवडून, त्यात भुसा, सांडलेलं खाद्य, थोडा चुनापण, सगळं एका बरणीत घालून कुरियर. सहाव्या दिवशी रिपोर्ट आला की टेस्ट इन्व्हॅलिड, निष्कर्ष काढता येत नाही. पैसे गेले. इथं माझी पहिली तक्रार आहे. सॅम्पल कसं घ्यायचं ते बुकिंग करतानाच सांगायला हवं होतं, एक साधा मराठी मेसेज पाठवला असता तरी चाललं असतं, पण त्यांनी फक्त पत्ता आणि क्यूआर कोड पाठवला. नंतर कळलं की विष्ठेत पित्ताचे क्षार आणि बाकी अशा गोष्टी असतात की त्या पीसीआरची रिअ‍ॅक्शनच अडवतात. म्हणून प्रत्येक सॅम्पलबरोबर एक कंट्रोल, म्हणजे टेस्ट नीट चालली का ते दाखवणारी तपासणी, चालवतात आणि तो कंट्रोलच फेल गेला तर निगेटिव्ह पण म्हणता येत नाही. म्हणजे त्यांनी निगेटिव्ह लिहून मोकळं न होता इन्व्हॅलिड लिहिलं हे प्रामाणिकपणाचं होतं, तेव्हा मात्र मला फक्त राग आला होता.

जानेवारीत आम्ही सोलापूर साइडच्या एका काकांकडून दोन नर आणले. फेब्रुवारीत ९ माद्या व्यायल्या, ९२ पिल्लं, आणि परत तेच, या वेळी जास्त जोरात. २१ पिल्लं गेली. भावाचं डोकं फिरलं, मी पण काकांना फोन करून नको ते बोललो की तुमच्या नरांनी रोग आणला. ते बिचारे म्हणत होते की आमच्याकडं असलं काही नाही, पण ऐकतोय कोण.

या वेळी मात्र सॅम्पल नीट घेतलं. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं तसं, हगवण सुरू होऊन २४ तास व्हायच्या आतली पिल्लं निवडली, ज्यांना अजून काही औषध दिलेलं नाही अशी, वेगवेगळ्या पाच वेतांतली. स्वॅब थेट पिल्लाच्या गुदद्वारातून, ट्यूबमध्ये, वर मादीचा नंबर आणि पिल्लाचं वय. आणि एक नुकतंच मेलेलं पिल्लू होतं त्याच्या आतड्याचे तुकडे, काही बर्फात आणि काही फॉर्मेलिनमध्ये. फॉर्मेलिनमधल्या तुकड्यावर पीसीआर नीट होत नाही पण मायक्रोस्कोपखाली आतड्याच्या आतले केस, म्हणजे व्हिलाय, आखूड झालेत का ते दिसतं. हे दोन्ही का लागतं ते खाली सांगतो.

बेसिक पॅनलमध्ये तीन व्हायरस होते: टीजीई आणि पीईडी (दोन्ही डुकरांना जुलाब करणारे कोरोनाव्हायरस) आणि रोटाव्हायरस ए (रोटाचे ए, बी, सी असे वेगवेगळे ग्रुप असतात). तिन्ही निगेटिव्ह आले. डॉक्टरांनी आधी माणसांच्या बाळांसाठी येते ती रोटाची कार्ड टेस्ट पण करून बघितली होती, तीही निगेटिव्ह. आता इथंच प्रकरण संपलं असतं आणि आम्ही परत इंजेक्शनांकडे वळलो असतो. पण लॅबमधल्या एका टेक्निशियन मॅडमचा स्वतःहून फोन आला. एकच प्रश्न विचारला, पिल्लं किती दिवसांची आहेत? मी म्हणलं तीन ते पाच दिवसांची. तर म्हणाल्या, मग रोटा सी बघायला पाहिजे, तो बेसिक पॅनलमध्ये नसतो, वेगळा सांगावा लागतो. लावू का?

लावला. पाचपैकी चार सॅम्पल रोटा सी पॉझिटिव्ह, आणि सीटी व्हॅल्यू १६ ते १९. सीटी म्हणजे मशीनला किती फेऱ्यांनंतर व्हायरस दिसला. कमी फेऱ्या म्हणजे व्हायरस जास्त, आणि साधारण ३.३ फेऱ्यांचा फरक म्हणजे दहापट. म्हणजे १७ आणि ३४ मध्ये लाखपटीचा फरक पडतो. हे लक्षात ठेवा, कारण नुसतं पॉझिटिव्ह म्हणजे काहीच नाही. डुकराच्या आतड्यात अ‍ॅस्ट्रोव्हायरस, कोबूव्हायरस असे कितीतरी व्हायरस धडधाकट पिल्लांतही सापडतात. म्हणून आतड्याचा तुकडा. आमच्या पिल्लाच्या तुकड्यात व्हिलाय आखूड, बुंध्यापर्यंत झिजलेले दिसले, सीटीही कमी, आजारी पिल्लांचं वयही जुळतंय. तिन्ही गोष्टी एका दिशेला गेल्यावर डॉक्टर म्हणाले हाच.

रोटा सी हा काही नवीन नाही, डुकरांमध्येच तो पहिल्यांदा १९८० मध्ये अमेरिकेतल्या ओहायोत सापडला. पण तो प्रयोगशाळेत पेशींवर सहज वाढत नाही, म्हणून त्याच्यावर लस बनवणं अवघड, त्यामुळे त्याचं नावही आपल्याकडे कमी ऐकू येतं. बाजारातल्या कार्ड टेस्ट ए ग्रुपचं प्रोटीन पकडतात, सी पकडत नाहीत. आणि अगदी कोवळ्या पिल्लांत, पहिल्या आठवड्यात, सी हा मोठा गुन्हेगार असतो. आमच्या एका मित्राने तर सल्ला दिला की लहान बाळांना सरकारी दवाखान्यात देतात ती रोटाची लस पाज पिल्लांना, पुण्यातच बनते. बनते, खरंय, रोटासिल पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची आहे, पण ती ए ग्रुपची आहे, आणि त्यातले जी १, २, ३, ४ आणि ९ हे टाइप माणसांच्या बाळांसाठी निवडलेले आहेत. सी वर तिचा काही संबंध नाही. ग्रुप न बघता लस द्यायची म्हणजे दुसऱ्याच कुलपाला आपली चावी लावून बघायची.

आता सिक्वेन्सिंग. मॅडमनी विचारलं करायचं का, वेगळा चार्ज आहे. पॅनलचा खर्च साधारण दूध तोडलेल्या एका पिल्लाच्या किमतीएवढा झाला होता, सिक्वेन्सिंगला अजून दीड पिल्लू. भाऊ म्हणाला कशाला, रोग कळला ना, झालं. मी हो म्हणलं त्याचं कारण एकच, मला काकांवर पुरावा पाहिजे होता.

हे काम कसं करतात ते मी समजून घेतलं, सोप्या भाषेत लिहितो. रोटाव्हायरसचा सगळा मसाला ११ वेगवेगळ्या तुकड्यांत असतो. बाहेरच्या कवचावर दोन प्रोटीन, व्हीपी ७ आणि व्हीपी ४, त्यावरून जी आणि पी असे टाइप ठरतात. ए ग्रुपमध्ये व्हीपी ७ ची अक्षरं ८० टक्क्यांच्या वर जुळली तर एकच जी टाइप धरतात, सी ला त्याचे वेगळे आकडे आहेत. लॅबने व्हीपी ७ चा तुकडा पीसीआरने वाढवला, साधारण हजार अक्षरांचा, आणि दोन्ही टोकांकडून सँगर पद्धतीने वाचला. अक्षरं चारच, ए, टी, जी, सी, पण त्यांचा क्रम म्हणजे त्या व्हायरसचा सातबारा समजा, कुठून कोणाकडे फिरला ते त्यात येतं.

याचा उपयोग केवढा मोठा होतो ते अमेरिकेतल्या पीईडीवरून कळतं. २०१३ च्या वसंतात तिथं अचानक पिल्लं मरायला लागली, त्याआधी त्या देशात पीईडी कधी नव्हताच. सिक्वेन्स केला तेव्हा तो चीनमध्ये २०११-१२ च्या सुमाराला फिरत असलेल्या व्हायरसशी जवळजवळ तंतोतंत जुळला. एका वर्षात ७० लाखांच्या आसपास पिल्लं गेल्याचा अंदाज आहे. आणि त्याच दरम्यान तिथं अजून एक प्रकार सापडला, त्याच्या स्पाइक जीनमध्ये (व्हायरस ज्याने पेशीला चिकटतो त्या प्रोटीनचा जीन) काही अक्षरं गळालेली, काही घुसलेली, आणि तो सौम्य निघाला. टीजीईचं तर अजून भारी आहे. हा आतड्याचा व्हायरस, १९४६ पासून माहिती असलेला, साधारण २८ हजार अक्षरांचा. त्याच्या स्पाइकमधली सहाशेच्या वर अक्षरं एका ठिकाणची गळाली आणि १९८४ मध्ये बेल्जियममध्ये सापडला तो व्हायरस आतडं सोडून श्वासनलिका-फुप्फुसात राहायला लागला होता, पिल्लांना जुलाबच नाहीत. म्हणजे पूर्ण वेगळा रोग. हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा पटलं की नुसतं नाव कळून उपयोग नाही, अक्षरं वाचायला पाहिजेत.

असो, आमच्या रिपोर्टकडे येतो. मॅडमना मी काकांचं आणि नरांचं सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, नर यायच्या आधी पण जुलाब होते ना, डिसेंबरमध्ये? मी म्हणलं होते, पण ते सॅम्पल तर तुम्ही इन्व्हॅलिड केलं. त्या म्हणाल्या, ते आम्ही फेकलेलं नाही, उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवलंय. त्यातलं आरएनए (व्हायरसचा जेनेटिक मसाला) परत काढून, दहापट पातळ करून बघते. पातळ केलं की अडवणाऱ्या गोष्टीही पातळ होतात आणि कधीकधी रिअ‍ॅक्शन चालते. आणि चालली! त्या बरणीतल्या भुशा-चुन्याच्या लगद्यातून रोटा सी निघाला, सीटी ३१, पण सिक्वेन्स करता येईल इतपत. यासाठी त्यांनी जादा पैसे घेतले नाहीत. माझ्या दृष्टीने या लॅबचे पाचपैकी चार स्टार याच एका कामाचे आहेत.

डिसेंबर आणि फेब्रुवारी शेजारी ठेवले तर वाचलेल्या ९०० च्या वर अक्षरांत फक्त २ चा फरक. एकच व्हायरस. नर यायच्या आधीपासून आमच्याच शेडमध्ये बसलेला.

ते वाचून मी बराच वेळ तसाच बसलो. दुसऱ्या दिवशी गाडी काढून काकांकडे गेलो, फोनवर बोलण्यासारखं नव्हतं ते. रिपोर्ट दाखवला, हात जोडले. काका म्हणाले, चहा घे आधी. मग त्यांनीच विचारलं की ही टेस्ट कुठं केली, माझ्याकडं पण दर पावसाळ्यात पिल्लं हगतात.

मग खरं काम सुरू झालं, कारण आता शत्रू कुठं आहे ते कळलं होतं. रोटाला बाहेरून चरबीचं आवरण नसतं, तीन थरांचं कवच असतं, विष्ठेत महिनोन्‌महिने टिकतो. पीईडी-टीजीईसारखे आवरणवाले व्हायरस साबणाने मरतात, हा नुसत्या साबणाने मरत नाही. आम्ही काय करत होतो, तर पाणी मारायचो, फिनेल टाकायचो, आणि ओल्या फरशीवरच पुढची मादी आणायचो. फरशीला भेगा, त्यात जुनी विष्ठा. ते बंद केलं. आता आधी सुकं खरवडणं, मग गरम पाणी आणि डिटर्जंट, कारण घाण असेल तर क्लोरीन घाणीवरच खर्च होतं. मग जंतुनाशक, मग पूर्ण वाळवणं, भेगा सिमेंटने भरल्या, वर चुन्याचा जाड हात. एक गाळा निदान चार दिवस रिकामा आणि कोरडा. जागा कमी पडते, व्यायच्या तारखा बसवायला त्रास होतो, पण करतोय.

दुसरी गोष्ट माद्यांची. डुकरीण गाभण असताना पिल्लाला नाळेतून अँटिबॉडी देऊ शकत नाही, सगळं संरक्षण चिकातून आणि मग दुधातून. म्हणजे मादीच्या आतड्याने तो व्हायरस आधी ओळखला पाहिजे, तरच दुधात त्याच्याविरुद्धची आयजीए ही अँटिबॉडी उतरते. पहिल्या वेताच्या माद्यांची पिल्लंच जास्त का जात होती त्याचं उत्तर हे. डॉक्टरांनी व्यायच्या पाच ते तीन आठवडे आधी पहिल्या वेताच्या माद्यांना आपल्याच शेडमधल्या पिल्लांच्या विष्ठेचा ठरावीक संपर्क द्यायचा प्लॅन केला. हे वाचून कोणी उद्या सकाळी घरी करू नका. त्याआधी आमच्या जनावरांची पीआरआरएस आणि क्लासिकल स्वाइन फिव्हर या डुकरांच्या दुसऱ्या व्हायरल रोगांसाठी तपासणी झाली, आणि बाहेरची विष्ठा तर कधीच नाही, नाहीतर रोटा घालवायला जाल आणि भलतंच घेऊन याल. डॉक्टर सोबत असल्याशिवाय याला हात लावायचा नाही.

जून-जुलैत ११ माद्या व्यायल्या. हगवण झाली, नाही असं नाही, पण दोन वेतांत आणि आठव्या-नवव्या दिवशी, तोवर पिल्लं अंगाने भरलेली असतात. इलेक्ट्रोलाइट पाजलं, बल्ब खाली केला, ऊब दिली. जुलाबाने ३ गेली. अँटिबायोटिकचा खर्च अर्ध्याच्या खाली आला.

आता तक्रारी, ज्या खऱ्या आहेत. सात दिवस सांगून सिक्वेन्सिंगचा रिपोर्ट १९ व्या दिवशी आला, मधे दोनदा फोन केला तर रिसेप्शनवरच्या माणसाला काहीच सांगता येईना. रिपोर्ट सहा पानांचा, सगळा इंग्रजीत, शेवटी कोणता व्हायरस कोणाच्या जवळचा ते दाखवणारं एक फांद्या-फांद्यांचं झाड, ज्यात आमचं सॅम्पल बारीक अक्षरात कुठंतरी. त्याचा अर्थ एक ओळ लिहून दिला असता तर काय बिघडलं असतं? मॅडमनी फोनवर २० मिनिटं समजावलं म्हणून कळलं, पण ते त्यांच्या स्वभावाचं झालं, लॅबच्या सिस्टिमचं नाही. उद्या त्या नोकरी सोडून गेल्या तर? आणि बेसिक पॅनलमध्ये रोटा बी आणि सी नाहीत हे वेबसाइटवर ठळक लिहायला पाहिजे. पिल्लं पाच दिवसांच्या आतली असतील तर सी आपोआप लावला पाहिजे, ही काय मागून घ्यायची गोष्ट आहे?

सिक्वेन्सची मूळ फाइल पण मागून घ्या, रिपोर्टच्या पीडीएफवर भागवू नका. आम्हाला मागितल्यावर लगेच मेल केली. ती आपली आहे, पुढच्या वर्षी दुसऱ्या कुठल्याही लॅबमध्ये नवा व्हायरस निघाला तर जुन्याशी ताडून बघता येतो. ऑगस्टमध्ये आम्ही पाच नव्या माद्या आणल्या, ३० दिवस लांबच्या शेडमध्ये वेगळ्या ठेवल्या, त्यातल्या एकीला पातळ झालं म्हणून सॅम्पल दिलं. रोटा सी च निघाला, पण फाइल ताडली तर व्हीपी ७ आमच्यापेक्षा पार वेगळा, दुसरा टाइप. त्या बाहेरून घेऊन आल्या होत्या. नुसता पीसीआर केला असता तर म्हणलो असतो की आपलाच आहे, येऊ दे आत. आता त्या माद्यांचं कपडे-गमबूट-बादली सगळं वेगळं चालू आहे. हात धुण्याचं तर घरात सक्त केलंय, मिसेसने पोरांना शेडमध्ये जायचं बंद केलंय, कारण माणसाचे आणि डुकरांचे रोटा तुकडे अदलाबदल करू शकतात हे तिने माझ्याआधी वाचलं होतं.

कोणी घ्यावी ही सर्व्हिस? दोन-चार माद्या असतील आणि एकदाच जुलाब झाले तर पीसीआर पुरे, तो मात्र रोटा ए, बी, सी तिन्हीसह मागा. २०-२५ च्या वर माद्या असतील, जुलाब परत परत येत असतील, आणि तुम्ही बाहेरून जनावर आणत असाल तर एकदा सिक्वेन्सिंग कराच. आमची २१ पिल्लं गेली त्याच्या हिशोबात हा खर्च काहीच नाही.

पाठवताना शुक्रवारी-शनिवारी कुरियर करू नका, रविवारभर डबा कुरियरच्या गोडाऊनमध्ये पडून राहतो. सोमवारी सकाळी पाठवा, थर्माकोलच्या डब्यात, वर-खाली जेल पॅक, आणि ते जेल पॅक रविवारी दुपारीच फ्रीजरला टाका, चार तासांत पूर्ण गोठत नाहीत.